मकान खाली रहेगा

इंटरच्या, म्हणजे अकरावी-बारावीच्या, परीक्षा सुरू झाल्या की आमच्या नारायणगुड्याच्या कॉलेजात पंख्यांचा आवाज ऐकू यायला लागतो. एरवीही ते वर्षभर फिरतच असतात, पण मुलींच्या बडबडीपुढे त्यांचं काय चालणार? मार्चमध्ये मुली गप्प होतात आणि पंखे बोलू लागतात. खिडकीबाहेरच्या कडुनिंबाला फुलोरा आलेला असतो. त्याचा कडवट-गोड वास हॉलभर असतो, हॉल तिकिटांना, रुमालांना, उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यांना लागलेला असतो. तीन तास मी बाकांच्या रांगांमधून फेऱ्या मारत असते. यंदाही मारते आहे. फरक एवढाच की गेली दोन वर्षं हा वास आला की माझ्या कानाच्या पाळ्या तापतात. लाज वाटली की माझं लहानपणापासून असंच होतं.

लाज एका शब्दाची आहे. निदान सुरुवातीला ती एका शब्दाचीच होती.

मी मूळची पुण्याची. नवऱ्याच्या नोकरीपायी अकरा वर्षांपूर्वी हैदराबादला आले, इथं रसायनशास्त्र शिकवू लागले आणि इथल्या मराठी माणसांची भाषा सुधारण्याचं काम कोणी न सांगता अंगावर घेतलं. ‘येतो बोलून बोलला’ असं कोणी म्हटलं की मी मध्येच थांबवून ‘येतो म्हणाला’ असं सांगायची. भाषा कोणाची सुधारली नाही. लोक माझ्यासमोर बेतानं बोलायला लागले, एवढंच झालं. फक्त जाधवकाका बिनधास्त बोलायचे. त्यांचे आजोबा नांदेडकडचे शेतकरी, निजामाच्या काळात इकडे आलेले. काका स्वतः सिकंदराबादला रेल्वेत नोकरी करून निवृत्त झालेले. मी त्यांचं वाक्य दुरुस्त केलं की ते हसून म्हणायचे, “बाई, तुमच्या पुण्यात मराठी एकटीच राहती. हितं तिला शेजारीपाजारी आहेत.”

मेट्रोचं खूळ माझ्या डोक्यात शिरलं तेही अशाच एका परीक्षेत. आमच्या कॉलेजात निम्म्या मुली नदीपलीकडून येतात, जुन्या शहरातून. त्यांच्यातली एक गेटवर पोहोचली तेव्हा गेट बंद झालं होतं. बस अफझलगंजच्या पुलावर अडकली होती. नियम म्हणजे नियम. गेटच्या आत मी उभी होते, बाहेर ती. रडली नाही, नुसती हातातल्या पट्टीनं स्वतःच्या मांडीवर मारत राहिली. मेट्रो तेव्हाही होती, पण ती नदीपाशी येऊन थांबायची. पुढची लाईन कैक वर्षं कागदावर होती. त्या दिवशी संध्याकाळी मी जाधवकाकांना फोन केला. लाईन पुढे न्या म्हणून मागणी करणारा एक गट त्यांनी चालवला होता, पाच-सहा म्हाताऱ्यांचा. मी म्हटलं, मीही येते.

तर तो हंगाम. रमजान आणि परीक्षा एकदमच आलेल्या. सकाळी पेपर, दुपारी मेट्रोच्या मागणीसाठी सह्या. काखेत फॉर्मांचं पॅड, डोक्यावर ओढणी, पर्समध्ये ग्लुकोजची पुडी. जुन्या शहरात दुपारी रस्त्यांवर शुकशुकाट असायचा, पण हलीमच्या भट्ट्या पेटलेल्या असायच्या. मातीनं लिंपलेल्या त्या भट्ट्यांपाशी पोरसवदा गडी घामाघूम होऊन लाकडी घोटणं चालवत असायचे. मुंजलांच्या, म्हणजे आपल्या ताडगोळ्यांच्या, हातगाड्यांवर ओलं फडकं टाकलेलं असायचं. खोबणीत अंगठा घालून थंडगार मुंजल बाहेर काढायचा आणि तोंडात टाकायचा, असं मी उभ्या उभ्या दहा-बारा खाऊन टाकायची. मग भोवती सगळ्यांचा रोजा आहे हे लक्षात येऊन ओशाळायची. त्या उन्हात मला फार आनंद होत होता, हे आता सांगितलंच पाहिजे. आपण काहीतरी चांगलं करतो आहोत अशी खात्री असली की ऊनही बाधत नाही. मला तर ते दागिन्यासारखं मिरवावंसं वाटायचं.

बायकांच्या घरी मी जायचे, पुरुषांशी काका बोलायचे. शाहअलीबंड्याच्या बाजूला एका आतल्या गल्लीत रझिया आपाचं घर होतं. दोन खोल्या. विधवा बाई, घर आईकडून आलेलं. पुढच्या खोलीत शिलाई मशीन, ईदच्या कपड्यांचा ढीग, त्यातून डोकावणाऱ्या लेसच्या गुंडाळ्या. कोपऱ्यात तिची मुलगी सना, इंटरच्या पहिल्या वर्षाला होती, पुस्तक मांडीवर घेऊन पुटपुटत होती. रसायनच होतं. मी ओळखीनं हसले. पुढं कोठीच्या कॉलेजात डिग्री करायची आहे, असं ती म्हणाली. “तुम्हारे वास्तेच चल रहा है ये सब,” मी म्हटलं. आपानं स्वतःचा रोजा असताना मला सुराहीतलं पाणी दिलं आणि चहा देता येत नाही म्हणून माझीच माफी मागितली.

आता माझं भाषण. ते पाठ होतं. मराठीत तयार करून मी त्याचं मनातल्या मनात हिंदी केलेलं होतं.

“आपा, मेट्रो ऊपर से जाएगी,” मी हात उंचावून खांब, पूल, गाडी सगळं दाखवलं. मग तळहात जमिनीकडे नेला. “और आपका मकान खाली रहेगा.”

मशीन थांबलं.

“खाली?”

“हां. बिल्कुल खाली.”

“पूरा?”

“पूरा. इस गली के सब मकान खाली रहेंगे. घबराना नक्को, आपा.” तो ‘नक्को’ मी खास तिच्यासाठी वापरला होता आणि त्याचा मला अभिमान वाटला होता.

आपानं मांडीवरचा कपडा नीट घडी करून बाजूला ठेवला. “कब तक?”

मेट्रो कधीपर्यंत येईल असं ती विचारते आहे, असं मी धरलं. “दो साल. ज्यादा से ज्यादा.”

“दस्तखत नै करी तो?”

“तो फिर कुछ नहीं होगा. सब ऐसेच लटके रहेंगे.”

तिनं भिंतीकडे बघितलं. तिथं एक कॅलेंडर होतं आणि कपाटाची पोपडे गेलेली बाजू होती. मग म्हणाली, “आप पढे-लिखे लोगां हैं. बोल रहे तो ठीकीच बोलते.” आणि तिनं उजवीकडून डावीकडे, बारीक सुंदर अक्षरांत सही केली.

‘खाली’चा अर्थ मला माहीत नव्हता असं नाही. हिंदीत खाली म्हणजे रिकामं, हे पाचवीतल्या मुलालाही कळतं. पण दमलेली जीभ आईच्या भाषेकडे पळते. माझ्या तोंडातून नीचे यायच्या ऐवजी खाली आलं आणि माझ्या कानांनी ते मराठीतच ऐकलं. परतताना रिक्षात मी जाधवकाकांना अख्खा संवाद म्हणून दाखवला, कौतुकानं. काकांनी कपाळावर हात मारला.

“अहो बाई! मकान रिकामं करावं लागतंय बोलून आलात की तुम्ही त्या बाईला! सही केली ती नोटीस समजून!”

दोघंही हसत सुटलो. मला तर डोळ्यांना पाणी आलं. रिक्षावालाही काही न कळता हसायला लागला. काका म्हणाले, “चला, परत फिरवू रिक्षा.” मी घड्याळ बघितलं. मला घरी जाऊन दुसऱ्या दिवशीच्या पेपरची बैठक व्यवस्था लावायची होती. “उद्या जाते ना मी,” मी म्हटलं. “बायकांचं घर आहे, तुम्हीच जा,” काका म्हणाले, आणि त्यांनी तो विषय माझ्यावर सोपवून दिला. माझ्यावर सोपवलेली कामं होतात, असा माझा लौकिक होता.

दुसऱ्या दिवशी पेपर होता. तिसऱ्या दिवशी मुलाला ताप. मग उत्तरपत्रिका तपासायची केंद्रं सुरू झाली, दिवसाला तीस-तीस पेपर संपवायचे. मनात यायचं, आपा कोणाला तरी विचारेलच की. शेजारीपाजारी आहेत, मशीद आहे, दुकानदार आहेत. असं कोणी एका बाईच्या एका वाक्यावर घर सोडतं का? हे सगळं मी स्वतःला समजावत असे आणि मला ते पटतही असे. न जाण्याचं खरं कारण साधं होतं. जायचं म्हणजे तिच्यासमोर बसून, मला तुमची भाषा येत नाही, असं म्हणायला लागलं असतं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुकांखाली लाल रेघा मारल्या, तिच्याकडून एक मारून घ्यायची माझी तयारी नव्हती.

तिला सांगायला वेळ नव्हता, पण इतरांना सांगायला होता. जामबागेतल्या एका हॉलमध्ये आमच्या मराठी मंडळींचा पाडव्याचा कार्यक्रम झाला. श्रीखंड-पुरीनंतर कोणीतरी म्हणालं, तुमच्या मेट्रोचं काय चाललंय? मी ‘खाली’चा किस्सा सांगितला. हॉल नुसता फुटला. बायका पदर तोंडाला लावून हसल्या, एक आजोबा ठसका लागून बाहेर गेले. मग मला तो सगळीकडे सांगावा लागला: स्टाफरूममध्ये, केळवणात, पुण्याला बहिणीकडे. दर वेळी थोडा सजत गेला. मशीन थांबल्याचा आवाज मी जिभेनं काढायला लागले. रझिया आपाचे डोळे दर वेळी थोडे मोठे व्हायला लागले. त्या सगळ्या महिन्यांत नदीपलीकडे जायला मला अर्धा तास लागला असता, एवढंच इथं लिहून ठेवते.

पुढच्या वर्षी, पुन्हा परीक्षा, पुन्हा रमजान. लाईनीच्या कामाच्या बातम्या यायला लागल्या होत्या आणि आम्ही नवे फॉर्म काढले होते, लाईन आणखी दक्षिणेला न्या म्हणून. मी त्या गल्लीत गेले. जाताना मनात ठरवलंही होतं की आज हसत हसत सांगून टाकू, आपालाही हसवू. दारात पडदा नव्हता. पुढच्या खोलीत मोबाइलच्या काचा आणि कव्हरं विकणारा एक माणूस बसला होता.

“रझिया आपा?”

“वो लोगां तो परसों चले गए.”

दोन दिवसांनी चुकामूक झाली! “परसों? कहां?”

“अरे मॅडम, परसोंइच. पिछली बकरीद के पहले.”

इथं परसों म्हणजे कालच्या आधीचा कुठलाही दिवस, हेही मला इतक्या वर्षांत कळलेलं नव्हतं. मी मनातल्या मनात महिने मोजले. माझ्या भाषणानंतर तीन महिन्यांच्या आत ती घर विकून गेली होती. “कायको गए?” मी विचारलं.

“कोई मेट्रोवाली मॅडम आके बोली कते, मकान खाली करना है. हम लोगां समझाए, आपा, अंदर की गली है, कुछ नै होता. सुनी नै. बोली, पढी-लिखी औरत है, झूट कायकु बोलती.”

“कौन मॅडम?” मी विचारलं.

हो, हे मी विचारलं. माझ्या तोंडानं, त्याच्या डोळ्यांत बघून.

“क्या मालूम,” तो म्हणाला. “आप लोगां जैसीच थी.”

मी ‘अच्छा’ म्हटलं. आणि मग, काही तरी करायला हवं म्हणून की काय, पॅड पुढं केलं. त्यानं फॉर्मवर सही केली. मेट्रो आली तर चांगलंच आहे, म्हणाला. सनाचा फोन नंबरही त्यानंच दिला.

त्या गल्लीची एक वीटही अजून हललेली नाही. मी जाऊन बघून आले आहे, एकदा नाही, चारदा. लाईन बाहेरच्या रस्त्यानं जाणार आहे. तिथल्या काही इमारतींचे दर्शनी भाग जातील, त्यांच्या मालकांशी काय ते ठरतं आहे. आतल्या गल्लीशी तिचा काही संबंध नाही. तो कधीच नव्हता.

किस्सा मी बंद केला. पण लोक थांबतात का! गेल्या दिवाळीत एका घरी यजमानीणबाईंनी पाहुण्यांसमोर फर्मावलं, “तो खालीचा सांगा ना तुमचा!” मी म्हटलं, विसरले. तर त्यांनीच सांगितला, माझ्यापेक्षा छान, मशीनच्या आवाजासकट. सगळे हसले आणि माझ्याकडे बघून टाळ्या वाजवल्या. मीही हसले. जाधवकाका तिथंच होते. ते फक्त चकलीचा तुकडा ताटलीत इकडून तिकडे करत होते. त्यांना मी सगळं सांगितलेलं होतं. ते मला एका शब्दानं बोलले नव्हते. उलट म्हणाले होते, चूक माझी, मी त्या दिवशी रिक्षा परत फिरवायला पाहिजे होती. ते ऐकून मला आणखीच मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

अजूनही मी मेट्रोनं येते-जाते. नारायणगुड्याला चढलं की शहर खाली जातं. पाण्याच्या टाक्या, गच्चीवर वाळत घातलेल्या मिरच्या, दोरीवरचे सलवार-कुर्ते, एखादी बाई पाय पसरून बसलेली. पूर्वी मला हे दृश्य फार आवडायचं. आता कोणा बाईनं मान वर करून गाडीकडे बघितलं की मी नजर काढून घेते. पण लाईन पुढं जायला हवी, हे मला आजही वाटतं, आणि लाज वाटते म्हणून ते वाटणं खोटं ठरत नाही. पुलावर अडकलेल्या त्या मुलीला गाडी मिळायलाच हवी होती. सह्यांना जाणं मीही सोडलेलं नाही. फक्त आता त्या मोहल्ल्यातलीच एखादी बाई बोलते, मी पॅड धरून मागे उभी राहते आणि कोणी काही विचारलं तर तिच्याकडे बोट दाखवते.

सनाला फोन करायला मला जवळजवळ वर्ष लागलं. यंदा परीक्षांच्या आधी एका रविवारी गेले. दोन बस बदलल्या, मग शेअर रिक्षा. बालापूरच्याही पुढं, जिथं शहर संपतं आणि प्लॉटांच्या पांढऱ्या खुणेचे दगड सुरू होतात, तिथं. एक खोली, बाहेर पत्र्याची पडवी. मशीन पडवीत होतं, त्यावर प्लास्टिक टाकलेलं. वस्ती विरळ, शिवायला टाकणारं कोण असणार तिथं?

मी रस्ताभर वाक्यं जुळवत आले होते, या वेळी प्रत्येक शब्द तपासून. पण आपानं मला बोलूच दिलं नाही. मला बघून ती उठली, माझे दोन्ही हात धरले आणि शेजारच्या बाईला हाक मारली. “देखो, येइच वो मॅडम! मैं बोली थी ना!” मग माझ्याकडे वळून, “आप वक्त पे बोल दिए. वो गली के लोगां अबी तक लटके हुए हैं, आज तोडते, कल तोडते. मैं तो पहलेइच निकल गई.” दुधाचा दाट चहा आला. शेजारची बाई माझ्याकडे आदरानं बघत होती. मी कप हातात धरून “आपा, मुझे एक बात...” एवढं म्हणाले. “पहले चाय,” ती म्हणाली. चहा प्याले. दुसरा प्याले. निघायची वेळ झाली, तरी ते वाक्य बोलायचं राहिलंच होतं.

सना मला रिक्षापर्यंत सोडायला आली. ती आता कापडाच्या एका मोठ्या दुकानात कामाला आहे. पगार बरा आहे म्हणाली. कॉलेजचं विचारलं तर म्हणाली, “दो बसां बदलना पडता, मॅडम. पहली बस पकडी तो बी टाइम पे नै पहुंचते.” तक्रार नव्हती तिच्या आवाजात. चालता चालता मग म्हणाली, “दुकान में नांदेड-लातूर के लोगां आते, शादी का बस्ता बांधने. वो लोगां बोलते ना, ‘डबा खाली ठेव’. मैं डिब्बे में की साडियां निकालके, डिब्बा खाली करके देती थी. सब हंसते थे मेरे पे.”

मी थांबले. तीही थांबली.

“आप उस दिन नीचे बोल रहे थे ना?”

“हो,” मी म्हटलं. मराठीतच आलं तोंडातून.

सनानं मान हलवली, गणिताचं उत्तर जुळल्यावर मुली हलवतात तशी. घराकडे एकदा वळून बघितलं. आपा पडवीत उभी होती आणि आमच्याकडे बघून हात हलवत होती.

“अम्मी कु नक्को बोलो, मॅडम,” सना म्हणाली. “वो सबकु बोलते फिरती, जिंदगी में मैं एक काम अक्ल का करी.”

रिक्षा भरली. मी कडेच्या सीटवर बसले. आता रझिया आपाला सांगायचं नाही, कधीच सांगावं लागणार नाही, असं मनात आलं. आणि खरं सांगते, मला हायसं वाटलं.